दमाने घेतलेला श्वास : प्राणायाम आणि ध्यान यांची प्रस्तावना

श्वास आपोआप चालतो आणि मनात आणले तर हाती धरताही येतो. शरीरातल्या इतर मोठ्या क्रियांना ही दुहेरी सोय नाही. पचन, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन यांवर थेट हुकूम चालत नाही. उलट हात-पाय सांगितल्याशिवाय हलत नाहीत. श्वास मात्र गाढ झोपेतही सुरू असतो आणि जागेपणी तो लांबवता, थांबवता, मोजता किंवा नुसता पाहताही येतो. मेंदूच्या तळाशी असलेले चेतापेशींचे समूह त्याची लय राखतात आणि मेंदूच्या वरच्या थरांतून आलेला आदेश ती लय काही काळ बाजूला सारू शकतो. योगातल्या आणि ध्यानातल्या सगळ्या श्वसनसाधना या वस्तुस्थितीवर उभ्या आहेत. ज्या शरीरव्यापारांपर्यंत इच्छा पोचत नाही, त्यांच्याकडे जाणारी वाट श्वासातून जाते.

विश्रांती घेणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. हठयोगाच्या परंपरेत अहोरात्रीच्या श्वासांचा आकडा हाच सांगितला जातो: ६० घटकांचे अहोरात्र आणि घटकेला ३६० श्वास. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाच्या ध्वनीला 'हंस' हा मंत्र मानून, न जपता होणाऱ्या या जपाला परंपरेने अजपा म्हटले. हा हिशेब गणिताच्या सोयीने बसवलेला असला, तरी आजच्या शरीरशास्त्राच्या मोजमापाशी तो जुळतो.

मराठीत 'दम' हा उच्चार दोन वाटांनी आला आहे. संस्कृतातला दम म्हणजे इंद्रियांना आवरणे; फारसीतला दम म्हणजे श्वास. मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवले. चढणीवर दम लागतो, थकलेला माणूस घटकाभर दम खातो, उतावळ्याला दम धरायला सांगतात आणि श्वास कोंडणाऱ्या दुखण्याला दमा म्हणतात. 'जरा दमाने घ्या' असे म्हणणाऱ्याला श्वास आणि संयम वेगळे करून सांगावे लागत नाहीत. प्राणायामाचा गाभा याच जोडीत आहे. पुष्कळ हवा आत ओढणे हा त्याचा हेतू कधीच नव्हता. श्वास दमाने घेणे हा आहे. जुने ग्रंथ, लोणावळ्याची आणि दिल्लीची प्रयोगशाळा हे तिन्ही साक्षीदार हेच सांगतात. दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, फरीदाबाद या पट्ट्यात तर हिवाळ्याची हवा हा भेद रोजच्या गरजेचा करून टाकते.

ग्रंथांतला प्राणायाम

पतंजलीच्या अष्टांगयोगात प्राणायाम चौथा येतो. यम, नियम आणि आसन त्याच्या आधी आहेत. प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी त्याच्या नंतर. आसन स्थिर झाल्यावर श्वास-प्रश्वासाची गती खंडित करणे, अशी त्याची व्याख्या योगसूत्रे करतात. श्वास बाहेर रोखलेला, आत रोखलेला किंवा जागच्या जागी थांबलेला असू शकतो. त्याचे माप स्थान, काळ आणि संख्या यांनी घ्यायचे असते. आणि सराव वाढेल तसा तो लांब व सूक्ष्म होत जातो. या साधनेचे फळ म्हणून पतंजली आरोग्याचे नाव घेत नाही. बुद्धीवरचे आवरण क्षीण होते आणि मन धारणेसाठी लायक होते, एवढेच तो सांगतो. प्राणायाम ही ध्यानाची पूर्वतयारी आहे, ही समज इथून येते.

श्वासाचे नाना प्रकार तपशिलाने येतात ते हठयोगाच्या ग्रंथांत. १५ व्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत आठ कुंभक आहेत: सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, सोडणे म्हणजे रेचक आणि थांबवणे म्हणजे कुंभक. प्रकारांनाच 'कुंभक' हे नाव दिले आहे, यावरून भर कशावर होता ते दिसते. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच प्राणही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, अशी ताकीदही या ग्रंथात आहे.

आज सगळ्यात लोकप्रिय झालेली कपालभाती मात्र या आठांत नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौली यांच्याबरोबर ती षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत मोजली जाते. ज्याच्या शरीरात मेद आणि कफ अधिक आहे त्याने आधी ही शुद्धी करावी आणि मग प्राणायामाकडे वळावे, असा क्रम हठप्रदीपिका लावून देते. कपालभाती हा घर झाडण्याचा भाग आहे. घरात स्वस्थ बसणे त्यानंतरचे. टीव्हीवर पाहून केवळ कपालभातीलाच प्राणायाम समजणाऱ्या साधकाचा मुख्य विषय वाचायचाच राहून जातो.

महाराष्ट्रात हा विचार नाथपंथातून उतरला. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर अशी ती परंपरा आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध, प्राणाचा निरोध आणि कुंडलिनीचे जागे होणे यांचे विस्तृत वर्णन मराठीतून आले. दुसरीकडे, मुंज झालेल्या मुलाला संध्येत आचमनापाठोपाठ प्राणायाम शिकवला जाई. पुष्कळ घरांत तो नाकाला बोट लावण्याइतकाच उरला, पण शब्द आणि खूण टिकून राहिली. अजूनही मराठी घरातल्या आजोबांना प्राणायाम म्हणजे काय हे विचारले, तर त्यांचा उजवा हात आपसूक नाकाकडे जातो.

नुसते पाहणे

श्वासाशी वागण्याची दुसरी रीतही तितकीच जुनी आहे. तिच्यात श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, त्याला मंत्राची जोडही द्यायची नाही. आत येणारा श्वास आत येतो आहे आणि बाहेर जाणारा बाहेर जातो आहे, एवढे जाणत राहायचे. बौद्ध परंपरा याला आनापानस्मृती म्हणते. पालीत आन म्हणजे आत येणारा श्वास आणि अपान म्हणजे बाहेर जाणारा. या साधनेचा एक मुख्य आधार असलेले सतिपट्ठान सुत्त बुद्धाने कुरू देशातल्या कम्मासधम्म या गावी सांगितले, असे त्याच्या आरंभीच नोंदले आहे. कुरू देश म्हणजे आजचा दिल्ली-हरियाणाचा परिसर. राजधानीचा प्रदेश आणि श्वासाचे ध्यान यांचे नाते असे दोन हजार वर्षांहून जुने आहे.

ही रीत आधुनिक काळात भारतात पुन्हा रुजली ती महाराष्ट्रातून. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला त्यांचे मुख्य केंद्र उभे राहिले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस साधक केवळ नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्या टापूत श्वासाचा स्पर्श पाहत असतो. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात, किरण बेदी कारागृह महानिरीक्षक असताना, हजारावर कैद्यांसाठी असेच शिबिर भरले आणि पुढे तिहारमध्ये कायमचे केंद्र झाले. ज्याच्याकडून बाहेरचे सगळे स्वातंत्र्य काढून घेतले आहे, त्याच्याकडेही हे एक साधन उरते, हे त्या शिबिराने दाखवले.

दोन्ही रीती परस्परविरोधी नाहीत. प्राणायाम श्वासाला वळण लावून मन शांत करतो. आनापान मनाला श्वासावर ठेवून शांत करते आणि तसे झाले की श्वास स्वतःहून संथ होतो. शिकताना मात्र दोन्ही एकत्र कालवू नयेत. पाहायला बसलेल्याने श्वासात ढवळाढवळ केली तर पाहणे संपते, आणि मोजून श्वास घेणाऱ्याचे लक्ष भरकटले तर माप चुकते.

लोणावळा आणि दिल्ली : प्रयोगशाळेची साक्ष

प्राणायामाला मोजपट्टी लावण्याचे काम एका मराठी माणसाने सुरू केले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा. संस्कृतचे विद्वान, बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांचे शिष्य, अमळनेरला शिक्षणकार्यात रमलेले आणि मालसरच्या माधवदासजींकडून योग शिकलेले गुणे १९२४ मध्ये लोणावळ्याला स्थिरावले. तिथे त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीराच्या पोकळ्यांतला दाब किती घटतो हे त्यांनी दाबमापकाने मोजले, क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली आणि आकडे छापले. श्रद्धेचा विषय त्यांनी तपासणीला खुला केला.

त्यांच्या निष्कर्षांतला एक आजही ध्यानात घेण्याजोगा आहे. प्राणायामाने शरीराला जास्तीचा ऑक्सिजन मिळतो आणि त्यातच त्याचे मोल आहे, हा समज त्या काळीही पसरला होता. कुवलयानंदांनी तो मानला नाही. छाती आणि पोट यांतल्या दाबाचे फेरफार आणि चेतासंस्थेवर होणारा परिणाम यांकडे त्यांनी लक्ष वेधले.

दिल्लीची साक्ष १९६१ ची आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले, म्हणजे एम्समधले, शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांनी जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांच्यासह रामानंद योगी या साधकाला एका हवाबंद पेटीत बसवून निरीक्षणे केली. पेटीतला ऑक्सिजन किती घटतो आणि कार्बन डायऑक्साइड किती वाढतो हे मोजले गेले. प्रत्येक माणसाला, अगदी स्वस्थ पडून राहण्यासाठीही, ऑक्सिजनचा एक किमान खर्च असतो. या साधकाचा खर्च त्याच्या स्वतःच्या त्या किमान पातळीच्याही बराच खाली गेल्याचे आढळले. त्याच वर्षी या तिघांनी योग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानात असताना प्रकाश, आवाज, स्पर्श यांनी त्या लहरी विचलित होत नव्हत्या. दोन साधकांनी तर आपला हात ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ बुडवून ठेवला होता. कैवल्यधामच्या संशोधकांनीही पुढे हवाबंद खड्ड्यात बसणाऱ्यांवर मोजमापे करून १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली.

बंगळूरच्या निमहान्स संस्थेत शर्ली टेलीस आणि टी. देसिराजू यांनी १९९१ मध्ये या चित्राला आणखी बारकावा दिला. थोडा वेळ श्वास रोखणाऱ्या प्राणायामात ऑक्सिजनचा खर्च ५२ टक्क्यांनी वाढला, तर दीर्घ कुंभकात तो १९ टक्क्यांनी घटला. म्हणजे 'प्राणायाम' हे एकच नाव असले, तरी मात्रा बदलली की परिणाम उलटा होऊ शकतो. कोणता प्रकार, किती वेळ, कोणत्या प्रमाणात, हे विचारल्याशिवाय प्राणायामाच्या फायद्या-तोट्याचे कोणतेही विधान अपुरे आहे.

शरीरात काय घडते

निरोगी माणसाचे रक्त फुफ्फुसातून बाहेर पडते तेव्हाच ऑक्सिजनने ९५ ते १०० टक्के भरलेले असते. भरलेल्या घागरीवर आणखी पाणी ओतून काही साधत नाही. जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन वाढत नाही. बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः त्याच्या पातळीवरून ठरते. भरभर श्वास घेतले की तो शरीरातून जास्त निघून जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. भस्त्रिकेनंतर येणाऱ्या या झिणझिण्यांना कित्येक जण शक्ती जागी झाल्याची खूण समजतात. ती थांबण्याची सूचना आहे.

संथ श्वासाचा हिशेब साधा आहे. एका सामान्य श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते, पण त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच राहते. तिचा रक्ताला उपयोग नसतो. मिनिटाला १५ श्वास घेतले तर एकूण साडेसात लिटर हवा आत येते आणि त्यातली सव्वापाच लिटर कामी लागते. तेच मिनिटाला ६ श्वास, प्रत्येकी एक लिटरचे घेतले, तर एकूण ६ लिटर हवेतून ५.१ लिटर कामी येते. कमी हवा ओढून जवळजवळ तितकेच काम होते.

सहाच्या या गतीला आणखीही महत्त्व आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस या चेतातंतूच्या प्रभावाने मंदावतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की हा चढउतार आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा यांची लय जुळते. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगातला मंत्र यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो असे दिसले. नामजपाची माळ ओढणाऱ्या घरांत ही गती कोणी न शिकवता चालत आली असली पाहिजे.

नाकाबद्दलही एक गोष्ट जुन्यांनी अचूक टिपली होती. दोन्ही नाकपुड्या सारख्याच मोकळ्या क्वचित असतात. काही तास एक अधिक वाहते, मग दुसरी. डाव्या-उजव्या नाकपुडीशी जोडलेल्या इडा व पिंगला या नाड्या आणि वाहत्या नाकपुडीचा अर्थ लावणारे स्वरोदयशास्त्र यांची सारी मांडणी या निरीक्षणाभोवती आहे. १८९५ मध्ये जर्मनीच्या रिचर्ड कायझर यांनी वैद्यकीय भाषेत याचे वर्णन केले. भ्रामरीच्या गुंजारवाने नाकाजवळच्या पोकळ्यांतला नायट्रिक ऑक्साइड बाहेर येण्याचे प्रमाण शांत श्वासाच्या सुमारे पंधरापट होते, असे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये गुणगुणण्यावरच्या प्रयोगात दाखवले.

आजारात या साधनांची जागा पूरक आहे. दिल्लीच्या एम्समध्ये दम्याच्या सौम्य व मध्यम रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर योगावर आधारित दिनचर्या दिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या श्वसनक्षमतेत सुधारणा दिसली. 'उपचारांबरोबर' हा शब्द महत्त्वाचा आहे. इन्हेलर बाजूला ठेवून नाक धरणे धोक्याचे आहे.

सरावातले मुख्य प्रकार

नाडीशोधन, म्हणजेच लोकांच्या तोंडचा अनुलोम-विलोम, हा सर्वांचा पाया. ताठ पण सैल बसावे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट तळव्याकडे दुमडावे. अंगठा उजव्या नाकपुडीपाशी, अनामिका आणि करंगळी डाव्या नाकपुडीपाशी. दाब द्यायचा तो नाकाच्या हाडाखाली, मऊ भाग जिथे सुरू होतो तिथे, आणि तोही दार लोटावे इतका हलका; नाक वाकडे झाले तर दाब जास्त आहे. डावीने घेऊन उजवीने सोडावे, उजवीने घेऊन डावीने सोडावे, की एक आवर्तन पूर्ण होते. कोपर वर उचलल्याने खांदा दुखतो आणि श्वास उथळ होतो, म्हणून हात बरगडीजवळ सैल ठेवावा. श्वासाचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येता कामा नये.

प्रमाण नवशिक्याने साधे ठेवावे: घेण्याच्या दुप्पट सोडणे. चार आकडे घेतला तर आठ आकडे सोडावा. १:४:२ हे पूरक, कुंभक आणि रेचक यांचे प्रसिद्ध प्रमाण अनुभवी साधकांसाठी आहे; त्याला जालंधर, उड्डियान आणि मूल या तीन बंधांची जोड लागते आणि ती पुस्तकावरून शिकता येत नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी १९८१ च्या आपल्या प्राणायामविषयक ग्रंथातही आसनांची तयारी आधी हवी असा आग्रह धरला. छातीखाली आधार देऊन, उताणे पडून श्वास पाहण्याने आरंभ करण्याची त्यांची रीत वयस्कांना फार सोयीची आहे.

उज्जायीत कंठाचा भाग किंचित आवळून श्वास घेतला जातो, त्यामुळे एक मंद घर्षण ऐकू येते आणि श्वास आपोआप लांबतो. भ्रामरीत सोडतानाचा श्वास भुंग्यासारखा गुंजवायचा. झोप न येणाऱ्यांना ती सोपी वाटते. शीतली आणि सीत्कारी यांत हवा तोंडाने आत घेतली जाते. उन्हाळ्यासाठी त्या सांगितल्या जातात. कपालभातीत श्वास सोडणे पोटाच्या झटक्याने आणि घेणे सहज होते. भस्त्रिकेत दोन्ही जोराने. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया, काचबिंदू, गर्भारपण आणि पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत ह्या दोन्ही जोराच्या क्रिया आणि श्वास रोखणे टाळावे.

दिल्लीची हवा आणि साधना

ऑक्टोबर सरू लागला की राजधानी प्रदेशात वारा पडतो, थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि वरची उबदार हवा त्यावर झाकणासारखी राहते. वाहने, कारखाने, बांधकामाची धूळ, पंजाब-हरियाणातल्या शेतांत जाळलेल्या पराळीचा आणि दिवाळीच्या फटाक्यांचा धूर या झाकणाखाली कोंडतो. २.५ मायक्रॉनहून बारीक कणांसाठी भारताचे वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ ची. दिल्लीची वार्षिक सरासरी भारतीय मानकाच्याही दुपटीहून वर जाते. हवा गुणवत्ता निर्देशांक ३०१ ते ४०० असला की 'अतिशय खराब' आणि ४०० च्या वर गेला की 'गंभीर' म्हणतात.

इथे परंपरेचे दोन प्रिय सल्ले शब्दशः पाळता येत नाहीत. पहिला पहाटेचा. हिवाळ्यात हवेचा थर पहाटेच सर्वांत दबलेला असतो, म्हणून लोदी गार्डन किंवा नेहरू पार्कच्या हिरवळीवर सकाळी सहाला केलेली भस्त्रिका त्या दिवसातली सर्वांत वाईट हवा सर्वांत जोराने आत घेते. दुसरा ऋतूचा. घेरंडसंहिता योगाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करायला सांगते; दिल्लीत शरद म्हणजेच धुराचा काळ.

पण त्याच ग्रंथांत उत्तरही आहे. हठप्रदीपिका सरावाच्या चार वेळा सांगते आणि त्यांत माध्यान्ह आहे. हिवाळ्यात ऊन तापल्यावर हवा तुलनेने वर उचलली जाते, तेव्हा दुपारची वेळ शास्त्राला आणि फुफ्फुसांना दोन्हींना मान्य होते. साधकाची कुटी लहान दाराची, भोकेफटी नसलेली आणि स्वच्छ असावी, असेही ती सांगते. बंद खोलीत बसण्याला एवढा जुना आधार आहे. आरंभासाठी शरद हुकला तर वसंत उरतो.

त्यावरून नियम असे निघतात. निर्देशांक २०० च्या वर असेल तर उघड्यावर प्राणायाम करू नये. ३०० च्या वर गेल्यावर कपालभाती आणि भस्त्रिका पूर्ण थांबवाव्यात. शीतली आणि सीत्कारी धुराच्या दिवसांत वर्ज्य. नाकातले केस आणि ओलसर अस्तर मोठे कण तरी अडवतात, तोंड तेवढेही अडवत नाही. खोलीत उदबत्ती, धूप, कापूर लावू नये. त्यांच्या धुरात तेच बारीक कण असतात. हवा शुद्ध करणारे यंत्र कण गाळते, पण कार्बन डायऑक्साइड काढत नाही, म्हणून बंद खोलीत मोठा वर्ग भरवू नये आणि दुपारी थोडा वेळ खिडक्या उघडाव्यात. मुखपट्टी लावून प्राणायाम करू नये. संथ श्वासात कमी हवा आत जाते हे खरे, पण खोल गेलेले कण तिथे अधिक वेळ राहतात हेही खरे. म्हणून वाईट दिवशी दीर्घ कुंभकाऐवजी सहज श्वास पाहणे किंवा हलकी भ्रामरी एवढ्यावर थांबावे. आनापानस्मृतीला जास्तीची हवा मुळीच लागत नाही. या प्रदेशात नोव्हेंबरची साधना तीच आहे.

प्राणायाम ही प्रदूषणावरची ढाल नाही, हेही निक्षून सांगायला हवे. कोणताही श्वासाचा प्रकार फुफ्फुसात गेलेला काजळीचा कण धुऊन काढत नाही. स्वच्छ हवा हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो मागण्याचे काम नाक धरून संपत नाही.

आरंभ

दिल्लीत शिकण्याची सोय आहे. अशोक रोडवरची मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्था ही १९७६ च्या केंद्रीय योग संशोधन संस्थेतून घडली आणि १९९८ पासून आजच्या रूपात आहे. तिथे सर्वसामान्यांसाठी वर्ग चालतात. २१ जून २०१५ ला राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र योग केला, त्या सामाईक पाठातही कपालभाती, नाडीशोधन, भ्रामरी आणि शेवटी ध्यान असा क्रम होता. मात्र एका दिवसाच्या गर्दीपेक्षा रोजची दहा मिनिटे आणि चूक दाखवणारा एक शिक्षक यांचे मोल जास्त आहे.

पोट रिकामे असावे. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. पहिले काही आठवडे फक्त श्वास पाहावा, मग सोडणे लांबवावे, मग नाडीशोधन धरावे; श्वास रोखणे सर्वांत शेवटी आणि शिक्षकासमोरच. सरावानंतर धाप लागली, डोके जड झाले किंवा चिडचिड वाढली, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. चेहरा सैल आणि पुढचा श्वास घेण्याची घाई नाही, ही बरोबर चालल्याची खूण. मन स्थिर करण्याचा उपाय सांगताना पतंजलीने आधी श्वास सोडण्याचे नाव घेतले आहे. नवशिक्यानेही तिथूनच सुरुवात करावी: आधी सावकाश, पूर्ण सोडावा, पुढचा श्वास आपणहून येतो.